दुखण्याचा खर्च आणि ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा

दुखणें कोणास सांगून येत नाहीं, आणि आलें म्हणजे एकटें येत नाहीं. त्याच्या पाठोपाठ खर्च येतो. लग्नाचा खर्च मनुष्य वर्ष-सहा महिने आधीं आंखूं शकतो, मुलांच्या शिक्षणाचा अंदाज बांधूं शकतो, घराचें छप्पर गळूं लागलें तर एखादा पावसाळा कसाबसा निभावून नेतो. परंतु पोटांत आंतडें सुजलें म्हणजे त्यास 'पुढच्या महिन्यांत ये' असें सांगतां येत नाहीं. शिवाय जो खाटेवर पडला त्याची कमाईहि त्याच दिवशीं थांबते. म्हणजे ज्या वेळीं खिशांत कमींत कमी पैसा असतो, नेमका त्याच वेळीं अधिकांत अधिक पैसा लागतो. बाजारांत भाव न पटल्यास गिऱ्हाईक पाठ फिरवून जातें. आजारी मनुष्यास पाठ फिरवितां येत नाहीं, आणि आपणांस काय हवें आहे हेंहि त्याला दुकानदाराकडूनच समजून घ्यावें लागतें.

ही अडचण ओळखून निरनिराळ्या राष्ट्रांनीं निरनिराळे उपाय योजिले. जर्मनींत बिस्मार्कच्या अमदानींत १८८३ सालीं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. मालक व मजूर यांच्या वर्गणीच्या निधींतून वैद्याचे पैसे भागवावयाचे अशी ती पद्धति, आणि बदललेल्या रूपानें ती आजहि तेथें चालू आहे. ब्रिटननें १९४८ मध्यें याहून निराळा मार्ग धरिला. प्रत्येकानें आपल्या ऐपतीप्रमाणें कर द्यावा, आणि आजारीपणीं प्रत्येकानें आपल्या गरजेप्रमाणें उपचार घ्यावे. या दोन गोष्टींची एकमेकींशीं गांठ मुळींच घालूं नये, हें त्या मार्गाचें सूत्र. ऐकावयास ही कल्पना सोपी वाटते. ती चालते कशी, तिला पैसा कोठून येतो आणि तिची किंमत कोणत्या नाण्यांत मोजावी लागते, हें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

१९४८ पूर्वीं ब्रिटनमध्यें डॉक्टर किंवा इस्पितळें नव्हतीं असें नाहीं. लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या कायद्यानें मजुराच्या पगारांतून आठवड्याला चार पेन्स कापले जात, मालक तीन पेन्स घाली व सरकार दोन. त्या बदल्यांत मजुरास ठराविक डॉक्टरकडे औषधोपचार मिळे. परंतु हा लाभ फक्त विमा उतरलेल्या मजुराचा. त्याची बायको व मुलें त्यांत येत नसत, आणि इस्पितळांतील उपचारहि सामान्यतः येत नसत. घरांतील स्त्री महिनोन्‌महिने दुखणें अंगावर काढी. डॉक्टरची फी कीं मुलांचे जोडे, असा प्रश्न पडला म्हणजे तिचें उत्तर बहुधा ठरलेलें असे. इस्पितळें दोन जातींचीं होतीं. एक धर्मादाय, म्हणजे दानशूरांच्या देणग्यांवर व रस्त्यांत झेंडे विकून जमविलेल्या पैशांवर चालणारीं. दुसरीं म्युनिसिपालिट्यांचीं, त्यांपैकीं पुष्कळशीं दरिद्री लोकांसाठीं काढलेल्या जुन्या श्रमगृहांचीं वारस. पहिल्यांत नामांकित शल्यवैद्य असत पण पैसा अपुरा. दुसऱ्यांत खाटा पुष्कळ पण प्रतिष्ठा नाहीं. कोणत्या गांवीं चांगलें इस्पितळ असावें हें तेथील रोगांवर ठरत नसे. पूर्वीं तेथें कोण धनिक राहून गेला यावर पुष्कळदां ठरे.

या अंधारांत एक दिवा लागलेला होता, त्याचें वर्णन थोडें विस्तारानें केलें पाहिजे. वेल्समधील ट्रेडेगार या गांवच्या कोळशाच्या व लोखंडाच्या कामगारांनीं १८९० च्या सुमारास स्वतःची वैद्यकीय साहाय्य-संस्था स्थापिली. प्रत्येक सभासदाच्या मजुरींतून पौंडामागें तीन पेन्स कापावयाचे, आणि त्या पैशांतून संस्थेनें सभासदाच्या सबंध कुटुंबास डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य व औषधें पुरवावयाचीं. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. वर्गणी मजुरीच्या प्रमाणांत असल्यानें अधिक कमावणारा अधिक देई. पण औषध मात्र वर्गणीच्या प्रमाणांत मिळत नसे, तें दुखण्याच्या प्रमाणांत मिळे. दुसरें असें कीं, डॉक्टर हा कामगारांच्या समितीस जबाबदार असे व ती त्यास जाब विचारूं शके. प्रसिद्ध कादंबरीकार ए. जे. क्रोनिन हे तरुणपणीं याच गांवांत डॉक्टर होते. १९३७ सालीं निघालेल्या त्यांच्या 'दि सिटाडेल' या कादंबरीस तेथील अनुभवाचा आधार आहे. आणि याच गांवांत १८९७ सालीं एका खाणकामगाराच्या घरीं अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षीं शाळा सोडून ते खाणींत उतरले. त्यांचे वडील १९२५ मध्यें खाणींतील धुळीनें जडलेल्या फुप्फुसाच्या विकारानें वारले. पुढें बेव्हन गांवच्या इस्पितळाच्या समितीवर आले, १९२९ सालीं पार्लमेंटांत निवडून गेले, आणि १९४५ मध्यें ॲटली यांच्या मंत्रिमंडळांत आरोग्यमंत्री झाले. त्यांनीं पुढें जें राष्ट्रास दिलें त्याचा नकाशा त्यांच्या गांवांत आधींच काढलेला होता.

तात्त्विक पाया मात्र दुसऱ्याच गृहस्थांनीं घातला. विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ सालचा, आणि तोहि बंगालमधील रंगपूर येथला. त्यांचे वडील हिंदुस्थानांत न्यायखात्यांत अधिकारी होते. डिसेंबर १९४२ मध्यें, युद्धाच्या ऐन धामधुमींत, त्यांनीं सामाजिक विम्यावरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छपणा आणि बेकारी हे पांच राक्षस मारल्याखेरीज राष्ट्र सुखी होणार नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें, आणि सर्वांसाठीं आरोग्यसेवा ही त्या योजनेची एक अट होती. सरकारी अहवाल विकत घेण्यासाठीं लोकांनीं रांगा लाविल्या, हा चमत्कार त्या वेळीं लंडननें पाहिला.

याच सुमारास आमच्या देशांतहि तसाच एक प्रयत्न चालू होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९४३ सालीं नेमलेल्या आरोग्य-समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले, पुण्याच्या बिशप्स हायस्कुलांत व डेक्कन कॉलेजांत शिकलेले. पैसे नाहींत म्हणून कोणीहि योग्य उपचारास मुकूं नये, हें तत्त्व त्यांच्या समितीनें १९४६ च्या अहवालांत अग्रभागीं मांडलें. ब्रिटनमध्यें तेंच तत्त्व दोन वर्षांत अमलांत आलें. आमच्याकडे भोर समितीची प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना १९५२ पासून खेड्यांत उतरूं लागली, पण पैशाची बाजू लंगडीच राहिली: २०२१-२२ च्या सरकारी हिशेबाप्रमाणें भारतांत आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकीं शेंकडा ३९ हून थोडा अधिक भाग लोक स्वतःच्या खिशांतून देत होते. असो, आपण पुन्हां ब्रिटनकडे वळूं.

१९४६ चा कायदा संमत झाला, तरी डॉक्टर मंडळी सहजासहजीं वश होणार नव्हती. सरकारचे पगारी नोकर होण्याची त्यांना धास्ती वाटे. फेब्रुवारी १९४८ मध्यें ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें घेतलेल्या मतदानांत दहांपैकीं सुमारें नऊ डॉक्टरांनीं योजनेविरुद्ध मत दिलें, आणि ती सुरू होण्यास तेव्हां अवघे पांच महिने उरले होते. बेव्हन यांनीं येथें मोठी चतुराई दाखविली. इस्पितळांतील तज्ज्ञांना त्यांनीं भरपूर वेतन देऊन वर खासगी रोगी पाहण्याची मुभा दिली (आपण त्यांचीं तोंडें सोन्यानें भरलीं, असें त्यांनींच पुढें म्हटल्याचें सांगतात), आणि कुटुंब-डॉक्टरांना वचन दिलें कीं, तुम्हांस पूर्ण पगारी नोकर करण्यांत येणार नाहीं अशी तरतूद कायद्यांतच करूं. विरोध ओसरला. ५ जुलै १९४८ या दिवशीं इंग्लंड व वेल्समधील सुमारें २,७०० इस्पितळें एकदम राष्ट्राच्या हातीं आलीं. बेव्हन त्या दिवशीं मँचेस्टरजवळच्या पार्क इस्पितळांत गेले. तेथें तेरा वर्षांची एक मुलगी नव्या सेवेची पहिली रोगी म्हणून खाटेवर होती. घरोघर वांटलेल्या पत्रकांत लोकांस निक्षून सांगितलें होतें कीं, हा धर्मादाय नव्हे. करदाते या नात्यानें याचे पैसे तुम्हीच देत आहां. कायद्याच्या सर्व कलमांहून हें एक वाक्य मला महत्त्वाचें वाटतें. दान म्हणून औषध घेणाऱ्याची मान खालीं जाते. स्वतःच्या पैशाचें औषध घेणाऱ्याची जात नाहीं.

आतां ही सेवा रोग्याच्या दाराशीं कशी पोंचते तें पाहूं. समजा, मँचेस्टर शहरांत शिवणकाम करून पोट भरणारी पंचावन्न वर्षांची एक स्त्री आहे आणि तिचा खुबा दुखूं लागला आहे. तिचें नांव वस्तींतील एखाद्या कुटुंब-डॉक्टरच्या यादींत आधींपासूनच नोंदलेलें असतें. तसें तें बहुतेक प्रत्येक रहिवाशाचें असतें. ती प्रथम त्याच्याकडे जाते. तपासणीचे पैसे नाहींत. पोराच्या खोकल्यापासून म्हाताऱ्याच्या रक्तदाबापर्यंत बहुतेक तक्रारींचा निकाल येथेंच लागतो. थेट इस्पितळांतील तज्ज्ञाकडे जाण्याची वाट तिला सहसा मोकळी नसते. अपघात किंवा प्राणसंकट असेल तर गोष्ट निराळी, कारण मोठ्या इस्पितळांचा तांतडीचा विभाग रात्रंदिवस उघडा असतो. डॉक्टर तिला वेदना शमविणाऱ्या गोळ्या देईल, व्यायाम शिकविणाऱ्याकडे धाडील, आणि तेवढ्यानें न भागल्यास इस्पितळाच्या अस्थितज्ज्ञास पत्र लिहील. तज्ज्ञ तिला तपासून खुबा बदलण्याचें ठरवील व तिचें नांव यादींत चढेल. पाळी आली म्हणजे शस्त्रक्रिया होईल. घरीं परतल्यावर जरूर पडल्यास परिचारिका येऊन जखम पाहून जाईल. या सबंध प्रवासांत शस्त्रक्रियेचें, खाटेचें किंवा डॉक्टरचें बिल कोठेंहि तिच्या हातीं पडणार नाहीं. फक्त चिठ्ठीवर दुकानांतून घेतलेल्या प्रत्येक औषधामागें एक ठराविक रक्कम (२०२४ सालीं ती ९ पौंड ९० पेन्स होती) तिला भरावी लागेल, आणि साठ वर्षें पुरीं झालीं कीं तीहि माफ. जातां जातां सांगण्यासारखें असें कीं, कृत्रिम खुबा बसविण्याची आजची पद्धति जॉन चार्नली या शल्यवैद्यानें याच सेवेच्या एका इस्पितळांत, मँचेस्टरपासून फार दूर नसलेल्या राइटिंग्टन येथें, १९६२ च्या सुमारास सिद्धीस नेली.

कुटुंब-डॉक्टरास पैसे कसे मिळतात यांत या व्यवस्थेची मेख आहे. तो बहुधा सरकारचा पगारी नोकर नसतो. भागीदारांसह दवाखाना चालवितो व सेवेशीं करार करितो. त्याचा मोबदला मुख्यतः यादींतील डोक्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. म्हातारे व तान्हीं मुलें अधिक असतील, वस्तींत रोगराई अधिक असेल, तर डोईमागची रक्कम त्या मानानें वाढवून देण्याचें गणित २००४ च्या करारापासून लागू आहे. सर्व बाबी धरून ही रक्कम २०२२-२३ मध्यें इंग्लंडांत वर्षाला माणशीं दीडशें पौंडांच्या थोडी वर जात होती. म्हणजे रोगी वर्षांत एकदां आला काय आणि दहादां आला काय, डॉक्टरची प्राप्ति जवळजवळ तीच. ज्या डॉक्टरास प्रत्येक भेटीचे व प्रत्येक सुईचे पैसे मिळतात त्याला सुया अधिक टोंचण्याचा मोह होणें साहजिक आहे. ब्रिटिश कुटुंब-डॉक्टरास तो मोह नाहीं. उलट माणूस निरोगी राहिला तर त्याचा वेळ वांचतो. पण काम कमी केलें तरी पैसे तेच, म्हणून येथें आळसाचा मोह होऊं शकतो. त्यावर उतारा म्हणून रक्तदाब, मधुमेह यांसारख्या चिवट रोगांची नीट देखभाल करणाऱ्या दवाखान्यांस २००४ पासून वेगळी रक्कम मिळूं लागली. वैद्यास पैसे देण्याची सर्वथा निर्दोष रीत अद्याप कोणत्याहि देशास सांपडलेली नाहीं.

इस्पितळांना आरंभीं वर्षाची एक ठोक रक्कम मिळे. पुढें थॅचर यांच्या सरकारनें ठरविलेल्या सुधारणेप्रमाणें १९९१ पासून सेवा विकत घेणारे व ती पुरविणारे असे दोन पक्ष पाडण्यांत आले, आणि २००३ नंतर इंग्लंडांत प्रत्येक प्रकारच्या उपचारास राष्ट्रीय दर लागू होऊं लागला. आमच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खुब्याचाहि दर दरपत्रकांत असतो, आणि तो पैसा तिच्या भागाच्या आरोग्य-मंडळाकडून इस्पितळाकडे जातो. हीं मंडळें मात्र कधीं स्थिर राहिलीं नाहींत. प्रत्येक नव्या मंत्र्यास घराची मांडणी बदलण्याची हौस. २०१३ मध्यें जुनीं मोडून नवीं केलीं, २०२२ मध्यें तींहि मोडून ४२ मोठीं मंडळें केलीं, आणि मार्च २०२५ मध्यें तर 'एन. एच. एस. इंग्लंड' ही मध्यवर्ती संस्थाच मंत्र्याच्या खात्यांत विलीन करण्याचें जाहीर झालें. स्कॉटलंड व वेल्स यांनीं खरेदी-विक्रीची ही वांटणी कधींच टाकून दिली. रोग्याच्या दृष्टीनें हे बहुतेक फेरफार पडद्याआडचे होत.

पैसा कोठून येतो? पुष्कळ ब्रिटिश नागरिकांचीहि अशी समजूत आहे कीं, पगारांतून कापल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीवर ही सेवा चालते. ती खरी नाहीं. शंभर पौंडांतील सुमारें ऐंशी पौंड प्राप्तीवरील कर, विक्रीवरील कर इत्यादि सामान्य करांतून येतात. उरलेला बहुतेक भाग विम्याच्या वर्गणींतून. आणि रोग्यांकडून घेतलेल्या शुल्काचा वांटा एक-दोन पौंडांचाच. २०२२-२३ मध्यें एकट्या इंग्लंडच्या आरोग्यखात्याचा खर्च सुमारें १८२ अब्ज पौंड झाला. माणशीं हिशेब केल्यास तो तीन हजार पौंडांच्या वर जातो. या रीतीचा मोठा गुण असा कीं, नोकरी गेली म्हणून डॉक्टर जात नाहीं, आणि मागील दुखण्याची चौकशी करून कोणास दारांतून परत लावीत नाहींत. दुसरी बाजू अशी कीं, विम्याच्या पद्धतींत रोगी वाढले म्हणजे खर्च वाढतो, पण येथें खर्चाचा आंकडा अर्थमंत्री आधीं ठरवितो आणि रोग्यांना त्यांत बसवावें लागतें.

हा आंकडा अगदीं पहिल्या वर्षीं तोकडा पडला. वर्षानुवर्षें दाबून ठेविलेलीं दुखणीं एकदम बाहेर आलीं. दुकानांतील ढिगांतून अंदाजानें उचललेला स्वस्त चष्मा वापरणाऱ्या म्हाताऱ्यांचे डोळे पहिल्यांदांच कोणी नीट तपासले; वर्षभरांत सुमारें पन्नास लाख चष्मे द्यावे लागले. फुकट मिळतें म्हणून लोक लूट करितात, असा ओरडा झाला. पण ज्याला दिसतें तो चैन म्हणून चष्मा लावीत नाहीं, आणि ज्याचे दांत धड आहेत तो हौसेनें कवळी बसवून घेत नाहीं. १९५१ मध्यें कोरियांतील युद्धामुळें लष्करी खर्च वाढला तेव्हां चष्मे व कवळ्या यांवर शुल्क बसविण्याचें ठरलें, आणि बेव्हन यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर राजीनामा देणारे हॅरॉल्ड विल्सन पुढें पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारनें १९६५ मध्यें औषधांवरील शुल्क रद्द केलें, आणि १९६८ मध्यें त्याच सरकारास तें पुन्हां बसवावें लागलें. तत्त्व आणि तिजोरी यांची ही झोंबी आजतागायत चालू आहे. वेल्सनें २००७ मध्यें, उत्तर आयर्लंडनें २०१० मध्यें व स्कॉटलंडनें २०११ मध्यें औषधांवरील शुल्क काढून टाकिलें. इंग्लंडांत तें आहे, परंतु वय, गरोदरपण, दारिद्र्य इत्यादि कारणांनीं दहांतील सुमारें नऊ औषधें तेथेंहि माफींतच जातात. उधळपट्टीच्या आरोपाची चौकशी करण्यासाठीं नेमलेल्या समितीनें १९५६ मध्यें जो निर्णय दिला तो आरोप करणाऱ्यांस अनपेक्षित होता: पहिल्या कांहीं वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानें सेवेचा खर्च वाढला नसून किंचित् कमीच झाला होता.

तरी पैशास मर्यादा आहे आणि नव्या औषधांस नाहीं. म्हणून कोणतें औषध सार्वजनिक पैशानें द्यावें हें ठरविण्यासाठीं १९९९ सालीं एक स्वतंत्र संस्था निघाली; 'नाइस' या आद्याक्षरांच्या नांवानें ती ओळखली जाते. तिचें गणित असें. एखाद्या औषधास दहा हजार पौंड पडतात आणि त्यानें रोग्यास धडधाकट आयुष्याचें अर्धें वर्ष अधिक मिळतें असें धरूं. म्हणजे एका धडधाकट वर्षाची किंमत वीस हजार पौंड झाली. ही किंमत वीस ते तीस हजारांच्या आंत बसली तर औषध सामान्यतः मान्य व्हावें, अशी मर्यादा तेथें दीर्घकाळ होती. हें गणित कठोर आहे. कर्करोगाच्या एखाद्या महागड्या औषधास नकार मिळाला म्हणजे वर्तमानपत्रांतून संताप उसळतो, आणि त्या कुटुंबाचें दुःख खरेंच असतें. पण ज्या व्यवस्थेंत असें गणित नाहीं ती अधिक दयाळू असते असें मानण्याचें कारण नाहीं. तेथेंहि 'नाहीं' हा शब्द ऐकावा लागतो, फक्त घरांतले दागिने संपल्यावर.

येथें आपण त्या नाण्याशीं येऊन पोंचलों, ज्यांत ब्रिटिश रोगी किंमत मोजतो. तें नाणें म्हणजे वेळ. जेथें भाव नसतो तेथें रांग असते. हृदयविकाराचा झटका किंवा मोडलेलें हाड यांना पुढें घ्यावें, खुबा व मोतीबिंदू यांनीं थांबावें, असा निवाडा डॉक्टर करितात. वाट पाहणाऱ्यांपैकीं शेंकडा ९२ जणांची प्रतीक्षा १८ आठवड्यांच्या आंतली असावी, असें इंग्लंडांत प्रमाण आहे. परंतु २०१६ च्या आरंभापासून २०२५ सालापर्यंत तें एकदांहि गांठतां आलें नाहीं. फेब्रुवारी २०२० मध्यें, महामारी येण्यापूर्वीं, प्रतीक्षायादींत सुमारें ४६ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्यें त्या ७७ लाखांवर गेल्या. (नोंदी म्हणजे माणसें नव्हेत, एकाच माणसाचें नांव दोन उपचारांसाठीं असूं शकतें.) सप्टेंबर २०२४ मध्यें शल्यवैद्य लॉर्ड दारझी यांनीं सरकारास दिलेल्या अहवालांत सेवेची प्रकृति चिंताजनक असल्याचें म्हटलें, आणि इमारती व यंत्रें यांसाठीं असलेला पैसा वर्षानुवर्षें रोजच्या खर्चाकडे वळविला गेल्याचें दाखवून दिलें. रांग गरीब-श्रीमंत पाहत नाहीं असें म्हणतात, पण हें अर्धसत्य आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो खासगी इस्पितळांत जाऊन पुढल्या महिन्यांत खुबा बदलून घेतो. आमची शिवणकाम करणारी बाई मात्र वर्षभर लंगडत यंत्राशीं बसते, आणि जे तास तिला बसवत नाहीं त्यांची मजुरी बुडते. तेंहि एक बिलच; फक्त तें कोणी छापून देत नाहीं.

रांगेचें आणखी एक कारण इस्पितळाच्या मागल्या दारीं आहे. बऱ्या झालेल्या पण एकटें राहूं न शकणाऱ्या वृद्धांची देखभाल ही राष्ट्रीय आरोग्यसेवेंत धरलेली नाहीं. ती स्थानिक म्युनिसिपालिट्यांकडे असते, आणि १९४८ पासूनच ती ऐपत पाहून दिली जाते. इंग्लंडांत २०१० नंतर दीर्घकाळ २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असणाऱ्यास तिचा पूर्ण खर्च स्वतः सोसावा लागे. ही देखभाल वेळेवर मिळत नाहीं म्हणून हजारों वृद्ध बरे होऊनहि इस्पितळांत अडकून पडतात, त्यांच्या खाटा रिकाम्या होत नाहींत, आणि तांतडीच्या विभागांत आलेला रोगी ओसरींत स्ट्रेचरवर पडून राहतो. बुद्धिभ्रंशाच्या रोग्याचें दुखणें कमी खरें असें नव्हे. पण कायद्यानें आंखलेली रेघ त्याच्या आणि कर्करोगाच्या रोग्याच्या मधून जाते.

शेवटीं या सेवेंत राबणाऱ्या हातांविषयीं. इंग्लंडांत सुमारें पंधरा लाख माणसें तींत काम करितात. आरंभापासून तिला डॉक्टरांची वाण भासत आली, आणि ती हिंदुस्थान, पाकिस्तान, आयर्लंड, वेस्ट इंडीज व पुढें फिलिपाईन्स येथल्या डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं भरून काढिली. भारतांतील अनेक वैद्यकीय पदव्या १९७० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत तेथें मान्य असत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजासारख्या संस्थांतून इंग्रजींत शिकून निघालेल्या तरुणास तिकडे काम मिळणें अवघड नव्हतें. १९६१ मध्येंच लॉर्डांच्या सभेंत एका सभासदानें स्पष्ट सांगितलें होतें कीं, भारत-पाकिस्तानांतून आलेले तरुण डॉक्टर नसते तर ही सेवा कोसळली असती. ज्या जागा ब्रिटिश डॉक्टरांस नकोशा वाटत त्या यांच्या वांट्यास आल्या: वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयें, कारखान्यांच्या वस्त्या, आणि दक्षिण वेल्समधील खाणींच्या दऱ्या. ज्या दऱ्यांत पौंडामागें तीन पेन्स कापून कामगारांनीं डॉक्टर ठेविले होते, तेथल्या म्हाताऱ्या खाणकामगारांच्या धुळीनें भरलेल्या छात्यांवर पुढें पुष्कळदां भारतीय डॉक्टरांची नळी टेकली. त्या डॉक्टरांपैकीं बहुतेकांचें शिक्षण सरकारी कॉलेजांत, येथल्या करदात्यांच्या पैशावर झालेलें होतें. तो खर्च ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या हिशेबाच्या वह्यांत कोठेंच मांडलेला नाहीं.